मदत हवी आहे: तुऱ्याला बाजूने टोक फुटलंय, हा नर ब्रीडिंगला ठेवू का?

नमस्कार मंडळी, माझ्याकडे प्युअर ऱ्होड आयलंड रेड जातीच्या कोंबड्या आहेत, सिंगल म्हणजे एकेरी उभ्या तुऱ्याची लाइन (वंश). यंदाच्या पिल्लांतून एक नर मुद्दाम बाजूला काढला होता, रंग गडद, पाठ लांब सपाट, पाय पिवळेधमक, अगदी मनासारखा. काल हातात घेऊन नीट बघितला तर तुऱ्याच्या मागच्या भागात डाव्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं टोक फुटलेलं, पिसांत लपत नाही, बोट फिरवलं की लगेच लागतं. वरची 5 टोकं मात्र एकदम सरळ, म्हणून तर जास्त जीव तुटतोय.

कोंबड्यांच्या शोमध्ये साइड स्प्रिग, म्हणजे तुऱ्याला बाजूने फुटलेलं असं टोक, असलं की थेट बाद हे माहितीये. एकजण म्हणाला लहान आहे तोवर कापून टाक, पण कापून रक्तातला दोष थोडाच जातो, आणि ती फसवणूकच झाली ना.

ज्यांनी ही लाइन सांभाळलीये त्यांना विचारतो, असा नर स्वच्छ तुऱ्याच्या कोंबड्यांवर सोडला तर पिल्लांत किती उतरतं? त्याच्या दोन बहिणी आहेत, तलंगा, अजून अंड्यावर आल्या नाहीत त्यामुळे तुरे बारीकच आहेत, त्यांच्यात हा दोष कधी ओळखू येईल? आणि त्यांचा बाप पण बदलावा लागेल का?