हॉस्पिटलात शिकलेली जादू: तुमचे अनुभव

मुग्धा_के
आज लेकाच्या दप्तरात कोथिंबिरीच्या जुडीचं रबर सापडलं आणि बाबा आठवले. लकव्यानंतर उजव्या हाताची मूठ सुटेना. फिजिओचा चेंडू पुढे केला की मान फिरवायचे. शनिवारी वॉर्डात एक स्वयंसेवक काका यायचे, त्यांनी रबराची उडी शिकवली. तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती रबर, मूठ मिटताना ते डाव्या हाताने ताणून चारही बोटांची टोकं आत घ्यायची, आणि उघडायचं. रबर अनामिका-करंगळीवर! जमायला तीन आठवडे लागले. जमलं तेव्हा नर्सताईंना हाक मारून दाखवलं. आईने विचारलं, "अहो, कसं केलंत?" तर म्हणाले, "नाही सांगणार."
तुमच्याकडचेही अनुभव लिहा.

सांजवात
डोळे भरले गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

हातवारे
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणं हे माझं काम. चेंडू दाबून मिटण्याचा जोर वाढतो, पण लकव्यात बहुतेकांना अवघड जातं ते बोटं उघडणं. या रबरात उघडल्याशिवाय जादूच होत नाही! अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफिल्डने १९८२ मध्ये 'प्रोजेक्ट मॅजिक' सुरू केलं ते जादूतून पेशंटचा व्यायाम व्हावा याच विचाराने, थेरपिस्टना सोबत घेऊन. रबर मात्र सैल घ्या, आणि बोट बधिर असेल तर आधी विचारा.

थेम्सकाठ
इथे लंडनला 'ब्रीद मॅजिक'ची शिबिरं असतात, एक बाजू अधू असलेल्या मुलांसाठी. सगळ्या जादू दोन्ही हातांच्या. भाची गेली होती. शेवटी घरच्यांसमोर प्रयोग केला. आता डब्याचं झाकण स्वतः उघडते, मदतीला गेलं की ओरडते.

पेठकर
जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेले कुणी आहे का इथे? मी लहानपणी पाहिलाय, रात्रभर झोप नव्हती.

मुग्धा_के
पेठकर, बाबा त्यांचे भक्त होते!!

अबोली७
आमचा अनुभव वेगळा. भाऊ केमोवर होता, शिकवणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी पत्त्यांची अवघड जादू घेतली. हात थरथरायचे, पत्ते पडले, रडला तो. त्या दिवशी नुसतं बघू द्यायला हवं होतं.

हातवारे
अबोली, खरंय. आधी पेशंटचा दिवस कसा आहे ते बघायचं. भाऊ कसा आहे आता?

अबोली७
बरा आहे. बारावीला आहे, पत्त्यांना हात लावत नाही, कॅरम खेळतो.

सांजवात
आले. मुग्धा, जुडीचं रबर लगेच तुटतं गं, दुधाच्या पिशव्यांना येतं ते घे. सासऱ्यांना उद्याच दाखवते.