शाळेतल्या खताच्या पिंपाला भयंकर वास – शनिवारच्या आत उपाय हवाय

नीलमोहर
सहावीला शिकवते. कचरा कमी करा, वस्तू पुन्हा वापरा हे नुसतं फळ्यावर लिहून काय होतंय, म्हणून मुलांबरोबर ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. तीन आठवडे झाले. आता शेजारच्या वर्गात बसवत नाही इतका वास मारतोय, वर पांढऱ्या अळ्या. मुख्याध्यापक म्हणतात, शनिवारपर्यंत निस्तरा, नाहीतर सगळं घंटागाडीत. नक्की काय घालू? "धीर धरा" नको, प्लीज.

उनाडपप्पू
पिंप केवढं, भोकं आहेत का, टाकता काय काय, उन्हात की सावलीत? डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो हो.

माळीबुवा
आंबट ताक शिंपडा. आमच्या सोसायटीत दोन दिवसांत वास गेला.

खेकडा
ताक? आधीच लगदा झालेला दिसतोय, त्यात अजून ओलं? शेणकाला घाला आणि गांडुळं सोडा.

माळीबुवा
गांडुळं त्या उष्ण, आंबट लगद्यात सोडलीत तर मरतील. खत अर्धवट कुजून थंड झालं की मग सोडतात. आणि ताक शिंपडा म्हटलं, ओता नाही.

चिंगी_७
आमच्या शाळेत दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून मुलांनी बसायच्या चटया विणल्या. खूप छान होतात. कृती देऊ का?

नीलमोहर
चटया नंतर. पिंप २०० लिटरचं, निळं, पूर्वी पाण्याचं होतं. डब्यातलं उरलेलं, केळीची सालं आणि पोषण आहारातली उरलेली खिचडी टाकतो. माश्या बसतात म्हणून झाकण घट्ट. भोकं नाहीत, खाली गळेल ना!

उनाडपप्पू
गळायलाच हवं! हवा मिळत नाही म्हणून ते कुजण्याऐवजी सडतंय. सगळं ताडपत्रीवर उपसा. एक घमेलं ओलं तर किमान दोन घमेली सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, असं कालवा. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण ३० ला १ च्या आसपास लागतं, आणि खिचडी-सालांत नत्र जास्त, कर्ब कमी. मूठभर घेऊन दाबा : एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर अजून पाला. जमिनीत ओलही आणि हवाही असते, त्याला शेतकरी वाफसा म्हणतो ना, साधारण तसं. पिंपाला खाली आणि चौफेर भोकं पाडा. खिचडी महिनाभर बंद.

अवंती
अळ्यांना घाबरू नका, त्याही खातच असतात. मुलांना भिंगातून दाखवा. पाला मिसळून वर सुका थर दिलात की कमी होतील.

वऱ्हाडी_ठेचा
पिंपं-बिंपं सोडा. आमच्या पुसदच्या नाडेपकाकांची (ना. दे. पांढरीपांडे, म्हणून नाडेप) खताची पद्धत वापरा. १० बाय ६ बाय ३ फुटांचं विटांचं टाकं, भिंतींत झरोके, शेण कमी लागतं. साडेतीन-चार महिन्यांत सोन्यासारखं खत.

नीलमोहर
माझ्याकडे चार दिवस आहेत हो. आणि विटांचे पैसे कोण देणार?

खेकडा
पालक. नाहीतरी स्नेहसंमेलनाला वर्गणी काढताच की.

नीलमोहर
आज उपसलं. तळाशी दीड बादली काळं पाणी! खिचडीत एवढं पाणी कुठून, म्हणून वर्गात विचारलं. तर कळलं, रोज शाळा सुटताना सगळे बाटल्यांतलं उरलेलं पाणी पिंपात रिकामं करतात. "बाई, तुम्हीच म्हणालात, पाणी मोरीत ओतू नका, कुठेतरी उपयोगी लावा." वर्गात ३८ मुलं. काय बोलणार! बाटल्या आता कुंड्यांकडे वळवल्यात. शिपाईकाकांनी तापल्या सळईने भोकं पाडली, मुलांनी चार पोती पाला झाडून आणला. वास निम्म्यावर आलाय. मुख्याध्यापकांनी सोमवारपर्यंत मुदत वाढवलीय.

वऱ्हाडी_ठेचा
वा! नाडेप टाक्याचा आराखडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघून ठेवा.

चिंगी_७
मग चटयांचं काय?