मॅन्युअल एस२००० : आत्ता विकावी की ठेवावी? भाव चढलेत

काळी_एस२, एडिसन (न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार. थोडं सविस्तर लिहितोय, कारण निर्णय माझ्या एकट्याने होत नाहीये.

माझ्याकडे २००६ ची होंडा एस२००० आहे. काळी, दोन सीटची, कापडी टपाची. सहा गिअर, मॅन्युअल. ही गाडी ऑटोमॅटिकमध्ये कधी निघालीच नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून १८ हजार डॉलरला घेतली, तेव्हा ४१ हजार मैल झाले होते. आज ६३ हजार आहेत. एकही बदल केलेला नाही. चाकं, सायलेन्सर, स्प्रिंगा, सगळं कारखान्यातून आलं तसं.

गेल्या रविवारी पंपावर थांबलो होतो. आमच्या राज्यात पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो, त्यामुळे मी गाडीतच बसून होतो. तिशीतला एक मुलगा काचेशी आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर बघितले आणि म्हणाला, "तीस हजार रोख, आज." चिठ्ठीवर नंबर लिहून देऊन गेला. ती चिठ्ठी अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे.

बारा-तेरा वर्षं वापरून गाडी घेतल्यापेक्षा महाग विकली जाते, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. नाशिकला आमच्या घरी चेतक होती. वडिलांनी ती सतरा वर्षं वापरली आणि शेवटी ज्याला दिली त्याने हातावर जे ठेवलं ते घेतलं. गाडी म्हणजे झिजणारी वस्तू, हेच मी शिकलोय. पण गिअर टाकायला शिकलो तेही त्याच चेतकच्या मुठीवर, आणि म्हणून ही गाडी सोडवत नाही.

सध्याच्या तक्रारी अशा. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पुढून टरटर आवाज येतो, गरम झाल्यावर कमी होतो. थंडीत दुसरा गिअर पहिल्या मैलभर खरखरतो. टप जिथे दुमडतो तिथे, ड्रायव्हरच्या बाजूला, बोटभर फाटलंय. आणि २०१७ मध्ये पार्किंगमध्ये कोणीतरी पुढचा बंपर घासून गेलं. ज्यांच्याकडे काम दिलं त्यांनी मला न विचारता बंपर नवीन घातला आणि त्यावर चेसिस नंबरचं स्टिकर नाही. तेव्हा मला त्याचं महत्त्व माहीत नव्हतं.

मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. घराचं छप्पर बदलायला झालंय. गॅरेज एकच आहे. बायको म्हणते, तुला विकायची नसेल तर विकू नकोस, पण "भाव वाढेल म्हणून ठेवलीय" असं कारण सांगू नकोस. तिचं बरोबर आहे, म्हणून विचारतो. हे भाव खरंच टिकणारे आहेत का? आणि निवृत्तीनंतर नाशिकला परतायचा विचार आहे, तेव्हा गाडी नेता येईल का?

स्टुटगार्टचा_सुहास

वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. इकडचं एक उदाहरण सांगतो.

पोर्शेने २०१३ मध्ये नवी ९११ जीटी३ आणली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. मॅन्युअल हवी असणारे लोक फार दुखावले. मग २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली. फक्त ९९१ गाड्या, सगळ्या मॅन्युअल. अमेरिकेत मूळ किंमत १ लाख ८५ हजार डॉलरच्या आसपास होती आणि काही महिन्यांतच लोक तिच्या कितीतरी पट मागायला लागले. लोकांना वाटलं, मॅन्युअल जीटी आता पुन्हा येणार नाही. पण पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात, नवी जीटी३ मॅन्युअल पर्यायासह आली. आरचे भाव घसरले. ज्यांनी शिगेला असताना घेतली होती त्यांना चांगलाच फटका बसला.

म्हणजे भाव गाडीपेक्षा "पुन्हा मिळणार नाही" या भीतीवर चढला होता, आणि ती भीती घालवणं कंपनीच्या हातात होतं.

उलट फेरारी बघा. त्यांनी मॅन्युअल बंद केली ती केलीच. आज त्यांची जुनी एफ४३० घ्यायला गेलात तर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणाऱ्या गाडीपेक्षा, चकचकीत धातूच्या खाचांमधून दांडी फिरते ती मॅन्युअल खूपच महाग पडते. नवी असताना बहुतेकांनी पॅडलवाली घेतली, म्हणून मॅन्युअल मुळातच थोड्या आहेत.

तुमची एस२००० मला या दुसऱ्या गटात वाटते. टर्बो नसलेलं, मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं छोटं इंजिन आताच्या प्रदूषण नियमांत कोणी नव्याने करेल असं वाटत नाही.

ट्रॉयकर (मिशिगन)

माझ्याकडे २००१ ची आहे, वीस वर्षं झाली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आधी आवाज. लहानपणी सायकलच्या तारांत पत्त्यातलं पान अडकवायचो, तसा टरटर येतो ना? तो टायमिंग चेनचा टेन्शनर. चेन ताणून धरणारा छोटा भाग आहे, वयाने झिजतो. इंजिन उघडावं लागत नाही, बाहेरूनच निघतो. सवडीने काम करणाऱ्याला तासाभराचं काम. पण ऐकून दुर्लक्ष करू नका. विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मागतं, आणि त्यात हा आवाज आला की त्याच्या मनात आख्खं इंजिन उघडतं.

दुसऱ्या गिअरसाठी आधी गिअरबॉक्सचं तेल बदला. निम्म्या गाड्यांची खरखर तेवढ्यानेच जाते. गेली नाही तर सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून आत असलेली कडी) झिजलाय, पण गरम झाल्यावर बिनतक्रार पडत असेल तर घाई नको. टप फाटतं ते आतले पट्टे सैल होऊन कापड सांगाड्यात चिमटतं म्हणून. नुसतं कापड बदललं आणि पट्टे तसेच ठेवले तर नवंही तिथेच फाटेल.

आता भावाचं. ही गाडी होंडाने कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने आणली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत जगभर मिळून १ लाख १० हजारांच्या आसपास बनल्या. म्हणजे दुर्मीळ म्हणावी इतकी ती कमी नाही. पण यातल्या किती ठोकल्या गेल्या, किती रेसट्रॅकवर झिजल्या, कितींना टर्बो लावून त्यांची वाट लागली हे बघा. मूळ अवस्थेतली, एका-दोघांच्या हातातली, कागदपत्रांसह असलेली गाडी कमी आहे, आणि भाव तिचा वाढलाय. रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक एस२०००चा नाही.

घेणारे कोण तेही बघा. २००० साली पंधरा-वीस वर्षांची असलेली पोरं, ज्यांच्या खोलीत या गाडीचं पोस्टर होतं, ती आता चाळिशीत आहेत आणि हातात पैसा आहे. २०२१-२२ मध्ये सगळ्याच जुन्या गाड्यांचे भाव भडकले. नव्या गाड्या मिळत नव्हत्या, कर्ज स्वस्त होतं. मग व्याजदर वाढले आणि तो भडका शमला. पण त्या आधीच्या पातळीवर चांगल्या गाड्या परत गेलेल्या नाहीत. शेवटच्या दोन वर्षांत अमेरिकेत जेमतेम सातशे निघालेली सीआर ही आवृत्ती कमी मैलांची असेल तर लाख डॉलर ओलांडून जाते. तो वेगळा बाजार आहे, त्यावरून तुमच्या गाडीचं गणित मांडू नका.

तुमची २.२ लिटरची, लाल रेघ आठ हजारांवर. माझी २ लिटरची, नऊ हजारांची. बाजारात लोक नऊ हजारांसाठी वेडे होतात, पण रोज चालवायला तुमची बरी, कमी फेऱ्यांवर जोर जास्त आहे. २००६ पासून स्थैर्य नियंत्रणही आलं, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा. पावसात माझ्या गाडीचा मागचा भाग न सांगता निसटतो, तो अनुभव मी दोनदा घेतलाय.

आता स्टिकर. बॉनेट, दोन्ही फेंडर, दारं, डिकी, बंपर, या सगळ्यांवर चेसिस नंबराची छोटी स्टिकरं कारखान्यातून असतात. सगळी जागेवर असली तर गाडीचा पत्रा मूळचा आहे याचा तो पुरावा. एक पुढच्या बंपरचं नाही म्हणून गाडी बाद होत नाही, बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि बदलला जातोच. पण बंपर का बदलला हे सांगता आलं पाहिजे. घासल्याचे तेव्हाचे फोटो, पावती, जे असेल ते शोधा. ते नसेल तर घेणारा "पुढून ठोकलेली" असंच धरून चालतो आणि त्याचे तीन-चार हजार कमी करतो.

पंपावर रोख देणारा मुलगा चांगला असेलही. पण ज्याने टायर बघितले आणि बॉनेट उघडायला सांगितलं नाही, तो गाडीची पारख करत नव्हता, सौदा करत होता. तीस हजार आज वाईट नाहीत. पण टेन्शनर, तेल, टप आणि कागद नीट केलेत तर मी यापेक्षा कमी मागणार नाही.

मृणाल_ऑस्टिन

ट्रॉयकरकाका, सुंदर लिहिलंत. गाडीतलं मला फारसं कळत नाही, हिशेबातलं कळतं, म्हणून दोनच गोष्टी.

दादा, वैयक्तिक वापराची गाडी घेतल्यापेक्षा जास्त भावाने विकली तर तो नफा करपात्र असतो. तोटा झाला तर मात्र वजावट मिळत नाही. २०१३ ची खरेदीची पावती जपून ठेवा. नेहमीच्या देखभालीचा खर्च खरेदी किंमतीत मिळवता येत नाही, हेही लक्षात घ्या.

आणि विमा बघा. साध्या पॉलिसीत गाडी गेली तर कंपनी घसारा धरून किंमत ठरवते. आधीच ठरवलेल्या किंमतीची पॉलिसी मिळते, तीत फोटो आणि मूल्यांकन देऊन रक्कम ठरते. वर्षाचे मैल मर्यादित असतात आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी लागते, ती तुमच्याकडे असेलच. गाडी विका किंवा ठेवा, हे या महिन्यातच करा.

कोथरूड_आरएस

नाशिकचा विचार सोडून द्या, काका. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं. तुमची दोन्हीकडून बसत नाही.

इथे मॅन्युअल गाड्यांना तोटा नाही, पण जोरदार पेट्रोल इंजिनाची मॅन्युअल शोधायला गेलं की हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. माझी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून आरसी पाच वर्षांनी वाढवली. आरटीओच्या आवारात तपासणीला उभी असताना तिथल्या तिघांनी विचारलं, द्यायची का. वडील अजूनही ती रविवारी धुतात आणि पुसताना दाराच्या कडा वेगळ्या कापडाने पुसतात. द्यायची कशी?

काळी_एस२, एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, सगळा दिवस गॅरेजमध्ये घालवला.

टॉर्च घेऊन एकेक स्टिकर बघितलं. बॉनेट, दोन्ही फेंडर, दोन्ही दारं, डिकी, मागचा बंपर, सगळी आहेत, नंबर जुळतात. डाव्या दाराचं इतकं मळलं होतं की आधी नाहीच असं वाटलं आणि पोटात गोळा आला. ओल्या कापडाने हळूहळू पुसल्यावर आकडे वर आले. २०१७ चे फोटो जुन्या फोनमध्ये सापडले. बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा आहे, पत्र्याला काही नाही, आणि फोटोवर तारीख आहे. पावतीही मिळाली. मृणालताई, खरेदीची पावतीही त्याच पाकिटात होती. विम्यासाठी उद्या फोन करतो.

कोथरूडकर, नाशिकचं ऐकून वाईट वाटलं, पण स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. आता निदान तेवढ्यासाठी ठेवायची असं स्वतःला सांगता येणार नाही.

संध्याकाळी मुलीला घेऊन शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. किल्ली फिरवून मग स्टिअरिंगशेजारचं लाल बटण दाबायचं, हे तिला फार आवडलं. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. मी तिला वडिलांचं वाक्य सांगितलं, क्लच सोडताना इंजिनाचं ऐक, पायाकडे बघू नकोस. चौथ्यांदा गाडी हलली. मग तिने स्वतःहून दुसरा टाकला. ती दांडी इतकी आखूड फिरते की मनगटाच्या वर काही हलतच नाही. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबा, तिसरा टाकू?"

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, विकायची नाही आणि कारण भावाचं नाही. ती म्हणाली, मग छपराचं आपण दोघं मिळून बघू. फ्रिजवरची चिठ्ठी काढून त्या मुलाला फोन केला आणि नाही म्हणालो. तो निराश झाला, पण आवाज टेन्शनरचा आहे हे ऐकल्यावर कोणता घ्यायचा ते त्यानेच सांगितलं.

ट्रॉयकर, टेन्शनर आणि गिअरबॉक्सचं तेल दोन्ही मागवलंय. पट्ट्यांसकट टप बदलून देणारा कोणी न्यू जर्सीत माहीत असेल तर सांगा. थंड इंजिनाचा व्हिडिओ बदलायच्या आधी आणि नंतर, दोन्ही इथे टाकतो.