लिमात सेविचे कुठे खावं, आणि रूमवर करता येईल का?

भटकभवानी: पेरू देशातल्या लिमा आणि आरेकिपा शहरांत चाललेय. सेविचे (लिंबात मुरवलेला मासा) खायचंय पण कच्चा असतो म्हणून जरा धाकधूक आहे. किचनवाली रूम आहे तर करूनही बघावं म्हणते. आणि सूप कुठलं घेऊ?

मासेखाऊ: सेविचे दुपारीच खा, बऱ्याच सेविचेरिया (सेविचेची हॉटेलं) संध्याकाळी बंद असतात. लिमाच्या मिराफ्लोरेस भागाजवळ सुर्कियोचा बाजार आहे, तिथे ताजा मासा मिळतो. कोर्विना मासा घे, चौकोनी तुकडे कर, मीठ, लाल कांदा, आही लिमो मिरची, कोथिंबीर आणि लिंबू ऐनवेळी पिळ, मग पाच-दहा मिनिटांत खाऊन टाक, जास्त मुरवलं की मासा रबर होतो. सोबत रताळं नि मका हवाच!

रस्साप्रेमी: अगं पण लिंबाने मासा पांढरा पडतो म्हणजे शिजतो असं नाही हां. उणे २० अंशाला ७ दिवस गोठवला तर कृमी मरतात, बॅक्टेरिया नाही. पोट नाजूक असेल तर सरळ चुपे दे कामारोनेस हे सूप घे, आरेकिपाचंच आहे ते, नदीतली कोळंबी, बटाटा, दूध, अंडं, एकदम पोटभरीचं.

भटकभवानी: चुपे फिक्स! फेब्रुवारीत जातेय.

मासेखाऊ: अरेरे, साधारण जानेवारी ते मार्च ती कोळंबी पकडायला बंदी असते. लिमातच पारिवेला घे मग, खेकडा-शिंपल्यांचं झणझणीत सूप.