मदत हवी आहे: नोकरी सोडून मोठ्या झाडांची छाटणी शिकायची आहे

नमस्कार. वय ३९, पुण्यात राहतो, १४ वर्षं कारखान्यात क्वालिटीला आहे. आता मोठ्या झाडांची शास्त्रशुद्ध छाटणी आणि निगा हेच काम पूर्णवेळ करायचं ठरवलंय.

सह्याद्रीत बरीच वर्षं प्रस्तरारोहण केलंय, त्यामुळे दोर, हार्नेस आणि उंचीची सवय आहे. चार महिने दर रविवारी एका ठेकेदाराच्या माणसांबरोबर जातोय, पण तिथे हेल्मेटसुद्धा नसतं. परवा गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी त्यांनी सरळ वरून कापली. ती अर्ध्यात मोडली आणि खोडाची हातभर साल सोलत खाली आली. आधी खालून खाच घेतली असती तर ही जखम टळली असती. फार वाईट वाटलं. मला हे काम असं शिकायचं नाही.

१९७५ चा वृक्ष कायदा, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हे माहीत आहे. आयएसए (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर) या संस्थेच्या आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांच्या निगेचा तज्ज्ञ, या परीक्षेला ३ वर्षांचा अनुभव लागतो, हेही वाचलंय. वर्षभर तरी नोकरी सोडता येणार नाही. सलग १५ दिवस रजा मिळेल.

दोरावर राहून चेनसॉ चालवणं आणि वर अडकलेल्या माणसाला सुखरूप उतरवणं भारतात प्रत्यक्ष कुठे शिकवतात? आणि रविवारचं हे काम त्या ३ वर्षांत धरलं जातं का?