मदत हवी आहे: वडिलांची प्रोस्टेट बायॉप्सी, फ्यूजनने की साधी?

नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ९.४. एमआरआयमध्ये पायरॅड्स ४ ची (कॅन्सरच्या संशयाची श्रेणी, १ ते ५) छोटी गाठ दिसली. संशय बराच आहे, पण खात्री बायॉप्सीनेच होणार.

इथले युरॉलॉजिस्ट म्हणतात, एमआरआय मी पाहिलाय, सोनोग्राफी लावून अंदाजाने त्या जागेचे तुकडे घेतो, शिवाय नेहमीचे १२. दुसऱ्या डॉक्टरांचा आग्रह, पुण्याला जाऊन फ्यूजनच करा. त्यात एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून सुई नेतात. खर्चात चांगलाच फरक.

थोडं वाचलं. २०१८ च्या प्रिसिजन अभ्यासात एमआरआयच्या आधाराने केलेल्या पद्धतीत उपचार लागावा असा कॅन्सर ३८ टक्के पुरुषांत सापडला, नुसत्या सोनोग्राफीवर २६ टक्के. ते पटलं. पण २०१९ च्या नेदरलँड्समधल्या फ्यूचर अभ्यासात अंदाजाने, फ्यूजनने आणि थेट एमआरआय मशीनमध्ये, तिन्हींत ठळक फरक दिसला नाही. अर्थात त्यातल्यांची आधी एक बायॉप्सी निगेटिव्ह आलेली होती, बाबांची पहिलीच. मग जास्तीचे पैसे मशीनचे की हात बसलेल्या डॉक्टरचे? मला तरी डॉक्टरचेच वाटतात.

आणखी एक. सुई गुदद्वारातून की पेरिनियममधून (अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून)? बाबांना डायबिटीस आहे, त्यामुळे इन्फेक्शनची धास्ती. (रक्त पातळ करायच्या गोळीचं डॉक्टरांनाच विचारतोय, त्यावर सल्ला नको.)

कुणाच्या घरी अलीकडे झाली असेल तर सांगा: भूल कोणती दिली, नंतर लघवी अडकली का, आणि डॉक्टरांना आधी काय विचारायला हवं होतं?