दोन शनिवार, चार तास आणि मधलं नाव

दुसरा_चौथा_शनिवार:
परवा इथे एका ताईंनी लिहिलं, "मूल आईचंच. बापाला महिन्यातून दोनदा भेटू देतात हेच खूप झालं. पोटगी भरावी आणि गप्प बसावं." खाली बदामांची रांग लागली. दोन दिवस सोडून द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची. दुसरा आणि चौथा शनिवार, ११ ते १, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. दाराशी सहीचं रजिस्टर, भिंतीवर फुलपाखरं, एक कान तुटलेला प्लास्टिकचा घोडा. पहिली वीस मिनिटं ती घोड्यावरच बसून राहते, बोलत नाही. मग हळूच जवळ येऊन डबा उघडते. गेल्या वेळी हसली तेव्हा दिसलं, पुढचा दात नाही. कधी पडला गं? "खूप दिवस झाले." लेकीचा पहिला दात पडलेला मला असा कळतो.

१९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल 'सहसा' आईकडे असावं असं आहे. लोक 'सहसा' गाळतात आणि पाच वर्षंही गाळतात. विधी आयोगाने २०१५ सालीच संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल दोघांकडेही असण्याची, शिफारस केली, तसा कायदा अजून झालेला नाही. मी पोटगी एकदाही चुकवलेली नाही. तरी मी गप्प का बसायचं?

नाशिककरीण:
ते मी लिहिलं होतं, आणि अजूनही तेच म्हणते.

तुम्ही एकदाही चुकवली नाही, चांगलं केलंत. माझी ऑर्डर महिना ८,००० ची आहे. दोन वर्षांत तीन महिन्यांचे पैसे आले. वसुलीचा अर्ज टाकला, वॉरंट निघालं, परत आलं. शेरा काय, तर "दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही." त्याच आठवड्यात स्टेटसला नव्या गाडीला हार घालतानाचा फोटो! पोलिसांना मिळत नाही, शोरूमला मिळतो. आणि भेटीच्या दिवशी हाच माणूस रिमोटची कार घेऊन अकराच्या ठोक्याला हजर. मुलाला वाटतं बाबा म्हणजे खेळणी आणि आई म्हणजे "अभ्यास कर". १०३ तापात रात्रभर पट्ट्या कोण ठेवतं, ते कुठल्या रजिस्टरात लिहितात?

दुसरा_चौथा_शनिवार:
तुमच्या नवऱ्याचा राग माझ्यावर काढू नका. तापात पट्ट्या ठेवायला मला बोलावलं असतं तर धावत गेलो असतो. ताप आल्याचंच कळत नाही. फोन ब्लॉक आहे.

नाशिककरीण:
ब्लॉक करायची वेळ का आली, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

काळा_कोट:
दोघंही थांबा. वीस वर्षं फॅमिली कोर्टात उभी राहते, म्हणून सांगते. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो पैसे देत नाही म्हणून भेट अडवता येत नाही, ती भेटू देत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. निम्मी भांडणं इथेच अडकतात.

ताई, सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे, रजनेश विरुद्ध नेहा. दोघांनीही मालमत्तेचं आणि देण्यांचं ॲफिडेव्हिट द्यायचं असतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. गाडीचा तो फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. दादा, त्याच वर्षीचा यशिता साहू निकाल वाचा. मुलाला आईवडील दोघांच्या मायेचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला व्हिडिओ कॉलवर बोलता यावं असंही. तुमच्या ऑर्डरमध्ये कॉल आहे का?

दुसरा_चौथा_शनिवार:
नाही. तेव्हा वकिलाने सुचवलं नाही. से, म्हणजे समोरच्या बाजूचं लेखी म्हणणं, दाखल व्हायलाच तीन तारखा गेल्या होत्या.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात लग्न नोंदवताना वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक असते, मोडलं की अर्धी-अर्धी. बाईला हात पसरावा लागत नाही. तुमच्याकडे हे का होत नाही?

नाशिककरीण:
अर्धी मालमत्ता राहू द्या, मला मुलाच्या नावाचं सांगा कुणीतरी. शाळेत मधलं नाव त्याच्या बापाचं. फी मी भरते, पालकसभेला मी जाते, आणि बाई हाक मारतात ती बापाच्या नावाने. सरकारने आता आईचं नाव लावायचं ठरवलंय ना?

काळा_कोट:
तो नियम १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. तुमचा मुलगा त्यात बसत नाही.

दुसरा_चौथा_शनिवार:
आणि बसला असता तरी वडिलांचं नाव काढायला तिथेही सांगितलेलं नाही. महिन्याला चार तास आणि एक मधलं नाव, एवढंच माझ्याकडे उरलंय. त्यावरही डोळा?

नाशिककरीण:
डोळा? नऊ महिने पोटात मी वाढवला. नाव लावायची वेळ आली की मी उपरी!

सोलापुरी_चादर:
माझ्या बहिणीने मुलीच्या नावात स्वतःचं नाव घालून घेतलं. राजपत्रात छापलं, शाळेने तरी मूळ दाखल्यावरचंच धरलं. आता आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं. नावाच्या भानगडीत पडू नका.

नाशिककरीण:
भानगड म्हणे! तुमच्या नावाला कुणी हात लावलेला नाही, म्हणून सुचतंय हे.

चौथी_ब:
मी आता तेवीस वर्षांची आहे. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही नावावर पंधरा मेसेज लिहिलेत म्हणून सांगते, मधल्या नावाचं मला कधीच काही वाटलं नाही. वाटायचं ते सोमवारी. रविवारी बाबांकडून आले की आई विचारायची, "काय विचारत होते?" आणि पुढच्या रविवारी बाबा, "आई काय म्हणाली?" मी दोघांना वेगवेगळं सांगायची, आणि कुणाला काय सांगितलं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावून चॉकलेट दिलं, कुणाकडे राहायचंय विचारलं. मी आजीचं नाव घेतलं, कारण आजी काही विचारायची नाही.

दुसरा_चौथा_शनिवार:
मीही विचारतो. "आई काय म्हणते" हेच विचारतो. आजवर लक्षात आलं नव्हतं.

नाशिककरीण:
मी पण. पण पोटगीचं म्हणणं मागे घेत नाही.

दुसरा_चौथा_शनिवार:
घेऊ नका. ती तुमच्या हक्काची आहे आणि त्याने द्यायलाच हवी. वकीलताई, आमची केस अजून चालू आहे. कॉलसाठी नवा दावा लावावा लागेल का?

काळा_कोट:
नाही, आहे त्याच प्रकरणात अर्ज टाका. 'रोज फोन' असं मोघम मागू नका, ठरलेले वार आणि ठरलेली वेळ लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीतले दिवसही आत्ताच मागून ठेवा. आणि जे म्युच्युअलच्या, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाच्या मार्गावर आहेत त्यांच्यासाठी: सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून सहा महिने थांबायची मुदत माफ होऊ शकते, पण ताबा आणि पोटगी खरोखर मिटलेली असावी लागते. नुसतं 'आपसात ठरवू' लिहून सह्या करू नका.

दुसरा_चौथा_शनिवार:
मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ लिहितो.

नाशिककरीण:
साडेसात नको. ती गृहपाठाची वेळ असते, घरात आरडाओरडा चालू असतो. जेवण झाल्यावर साडेआठ लिहा. तेव्हा मुलं आपणहून बोलतात.